मासेमारीच्या रीलवर ब्रेड (विणलेली लाइन) भरायची तर अशी भरा, म्हणजे स्पूलवर घसरणार नाही

मासा लागलाय, ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाइन ताणात सोडणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळलाय, तुम्ही हँडल फिरवताय आणि लाइन काही केल्या आत येत नाही, उलट बाहेरच चाललीय. अशा वेळी दहातले नऊ जण म्हणतात ड्रॅग गेला. मग रील उघडतात, वॉशर बदलतात, कोणी नवीन रीलच घेऊन टाकतो. आणि बऱ्याच वेळा ड्रॅगला काहीच झालेलं नसतं. स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची रीलवरची चकरी, जागच्या जागी घट्ट असतो, त्याच्यावर गुंडाळलेला ब्रेडचा अख्खा गठ्ठाच गोल गोल फिरत असतो.

खात्री करायची असेल तर आत्ता घरी करून बघा. ड्रॅग गच्च आवळा, एका हाताने स्पूलची कड पकडून ठेवा म्हणजे तो हलणार नाही, आणि दुसऱ्या हाताला जाड कपडा गुंडाळून लाइन जोरात ओढा. स्पूल हलला नाही आणि तरी लाइन सुटत गेली तर समजायचं की घसरतेय ती लाइन, ड्रॅग नाही. ओढताना ब्रेड नुसत्या बोटांना गुंडाळू नका, कातडी कापते, अगदी खोल कापते.

आधी हे का होतं ते समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावरच आहेत. ब्रेड पॉलिथिलीनच्या फार बारीक आणि फार मजबूत तंतूंची विणलेली असते, डायनीमा किंवा स्पेक्ट्रा म्हणतात तेच हे. हा माल मुळातच गुळगुळीत, पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगतो आणि ताणला तरी जवळजवळ वाढत नाही. आपला तंगूस, म्हणजे मोनो, नायलॉनचा असतो, तो ओढल्यावर थोडा लांबतो आणि गुंडाळल्यावर आखडून स्पूलला घट्ट धरून बसतो. ब्रेडला ही पकडच नाही. त्यात स्पूलचा मधला दांडा म्हणजे आर्बर, तो पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा. गुळगुळीतवर गुळगुळीत, मग पकडणार कोण? गाठ कितीही चांगली मारा, गाठ सुटत नाही, ब्रेड गाठीसकट फिरते. म्हणून माझं ठाम मत आहे की घसरायचं की नाही हे सगळं पहिल्या थरात ठरतं, वरच्या दीडशे मीटरमध्ये नाही.

सामान काय लागेल

रील, ब्रेड, थोडा मोनो (०.२५ ते ०.३० मिमी पुरे), धारदार कात्री, पाण्याचं भांडं, एक सुती फडका, पेन्सिल किंवा लाकडी काडी, आणि जमलं तर हाताशी एक माणूस. कात्री खरंच धारदार हवी, ब्रेड दाताने तुटत नाही आणि बोथट कात्रीत नुसती दुमडते, टोकाला पिसारा फुटतो आणि मग गाठ मारताना जीव जातो. लायटरने जाळून तोडू नका, हा माल कमी उष्णतेला वितळतो आणि गाठीजवळ ज्योत गेली की तिथेच कमजोर होतो.

पकड कशाने आणायची

तीन रस्ते आहेत. पहिला, मोनोचं बॅकिंग, म्हणजे आधी थोडा तंगूस गुंडाळायचा आणि त्याच्यावर ब्रेड. दुसरा, आर्बरवर टेपचा एक वेढा देऊन त्याच्यावर थेट ब्रेड. तिसरा, हल्ली काही रीलच्या स्पूलवर रबराची पट्टी बसवलेलीच येते, तिथे ब्रेड थेट बांधली तरी चालते.

मी मोनोच्या बाजूचा आहे. टेप सोपी आहे हे खरं, पण इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपचा गोंद आपल्या एप्रिल मेच्या उन्हात पातळ होतो. रील गाडीच्या डिकीत किंवा खडकावर तापली की टेप हळूहळू सरकायला लागते, खाऱ्या पाण्याने कडा सुटतात, आणि वर्षभराने लाइन काढाल तेव्हा आत काळा चिकट राडा मिळतो. टेप वापरायचीच असेल तर ती शॅलो स्पूलसाठी ठेवा, जिथे मुळात खोली कमी आहे आणि बॅकिंगला जागाच नाही. तिथेही जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी काळ्या टेपपेक्षा बरी, खरखरीत असते, पकड छान देते. एकच वेढा द्या, टोकं एकावर एक जाड चढू देऊ नका नाहीतर तिथे उंचवटा येतो आणि तो वरपर्यंत जाणवतो.

रबराची पट्टी असेल तर ती कोरडी आणि स्वच्छ आहे ना बघा. त्याच्यावर ग्रीस किंवा तेलाचा हात लागलेला असेल तर रबर असून काही उपयोग नाही. तसंही ब्रेड बांधायच्या आधी कुठलाही आर्बर एकदा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करून घ्यावा, नवीन रीललासुद्धा फॅक्टरीचं तेल असतं.

बॅकिंग किती

फक्त पकडीसाठी म्हणाल तर मोनोचा एक पूर्ण थर, आर्बरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एवढा बास. पण बॅकिंगचं दुसरंही काम आहे. ४००० साइजच्या साध्या खोल स्पूलवर नुसती १५० मीटर बारीक ब्रेड टाकली तर स्पूल अर्धाच भरतो, मग कास्ट करताना, म्हणजे गळ लांब फेकताना, लाइन कडेला घासत बाहेर येते आणि लांब जात नाही. म्हणून खालची जागा मोनोने भरायची, आणि महाग ब्रेडही वाचते.

किती मोनो लागेल याचा हिशोब सोपा आहे. लाइन जागा किती खाते ते लांबी गुणिले जाडीचा वर्ग असं काढायचं. समजा स्पूलवर ०.३५ – १७० असं छापलंय, म्हणजे ०.३५ मिमीचा मोनो १७० मीटर मावतो. ०.३५ चा वर्ग ०.१२२५, गुणिले १७०, झाले साधारण २०.८. ही स्पूलची एकूण जागा धरा. आता ब्रेड पीई २ घेतलीय, जपानी मापाने ती साधारण ०.२३५ मिमी, तिचा वर्ग ०.०५५, गुणिले १५० मीटर, झाले ८.३. उरले १२.५. बॅकिंगला ०.३० चा मोनो असेल तर १२.५ भागिले ०.०९, म्हणजे साधारण १३९ मीटर. त्यातून दहा टक्के कमीच टाका, कारण ब्रेड पूर्ण गोल नसते, ताणात चपटी होते, शिवाय स्वस्त ब्रेडच्या पाकिटावरची जाडी आणि खरी जाडी यांचं फारसं जमत नाही. पाकिटावर ०.२० लिहिलेली लाइन हाताला चांगली जाड लागते हे तुम्हीही बघितलं असेल.

हिशोब नको असेल तर उलटी पद्धत आहे, ती अचूक आहे पण त्यात लोक हमखास घोळ करतात. रीलसोबत तसाच जादा स्पूल आला असेल तर त्याच्यावर आधी ब्रेड गुंडाळा, तिच्या टोकाला मोनो जोडा आणि कडेच्या दोन मिमी खालपर्यंत भरून कापा. आता हे सगळं मूळ स्पूलवर उलटवलं की मोनो खाली आणि ब्रेड वर, माप बरोब्बर. जादा स्पूल नसेल आणि तुम्ही हे रीलवरच केलं, मग दुकानातल्या एका रिकाम्या रिळावर काढलं आणि परत रीलवर भरलं, तर क्रम पुन्हा उलटतो आणि ब्रेड खाली जाते. तेव्हा मध्ये एक नाही, दोन रिकामी रिळं लागतात. ते आधीच जमवून ठेवा, २९० मीटर लाइन अंगणात मोकळी सोडून बसायची वेळ येऊ देऊ नका.

मोनो बांधणं आणि गुंडाळणं

रॉडचा फक्त खालचा तुकडा घ्या, त्याला रील लावा, लाइन सगळ्यात मोठ्या रिंगमधून आत घ्या. आता बेल आर्म, म्हणजे लाइन स्पूलवर वळवणारी तारेची कमान, उघडा आणि मगच गाठ बांधा. बेल बंद असताना बांधलं तर हँडल फिरवल्यावर लाइन गुंडाळलीच जात नाही आणि सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

गाठ साधी आर्बर नॉट. मोनो स्पूलभोवती फिरवून आणायचा, टोकाने मुख्य लाइनीभोवती एक साधी गाठ मारायची, मग टोकाच्याच शेवटी अजून एक साधी गाठ. ओल्या बोटाने भिजवून ओढलं की पहिली गाठ सरकत जाऊन आर्बरला बसते आणि दुसरी तिला अडकते. टोक अगदी जवळ कापा. बेल बंद करा, ड्रॅग आवळा आणि गुंडाळायला लागा.

मोनोला ताण मध्यम ठेवायचा. ढिला राहिला तर वरची ब्रेड त्याच्यात रुतते. पण अति ताणलात तर तो लांबलेला मोनो आखडून स्पूलला आतून दाबत राहतो आणि प्लॅस्टिक किंवा ग्रॅफाइटचा स्पूल तडकूही शकतो. बोटांमध्ये दाबून धरल्यावर लाइन सरळ ताठ राहील एवढा ताण ठीक आहे.

जोड

मोनो आणि ब्रेड जोडायला डबल युनी. दोन्ही टोकं एकमेकांवर वीतभर आडवी ठेवा. मोनोच्या टोकाचा फासा करून दोन्ही लाइनींभोवती त्याच फाशातून पाच वेढे, ब्रेडच्या टोकाचे आठ. ब्रेडला वेढे जास्त लागतात, गुळगुळीत असल्यामुळे चारपाच वेढ्यात ती सरकन निघून येते. दोन्ही गाठी वेगवेगळ्या आवळा, पाण्याने भिजवा, आणि मग मुख्य लाइनी दोन बाजूंना ओढून दोन्ही गाठी एकमेकींना चिकटवा. टोकं दोन मिमी ठेवून कापा. लीडरला, म्हणजे ब्रेडच्या पुढच्या टोकाला जोडतात त्या वेगळ्या लाइनीच्या तुकड्याला, एफजी नॉट मारणारे इथेही तीच मारतात, मारा, पण स्पूलच्या तळाला तिची गरज नाही, डबल युनी पुरते.

जोड स्पूलवर येईल तेव्हा शक्यतो कडेला बसू द्या, मधोमध नको. आणि नखाने दाबून बघा, टोक वर उभं राहिलेलं असेल तर वरची लाइन कास्टमध्ये त्याला अडकते.

थेट ब्रेड बांधणार असाल, टेपवर किंवा रबरावर, तर आर्बरभोवती एक नाही तर तीन वेढे द्या, मग युनी नॉट, आठ वेढ्यांची. टेपवाल्यांनी गाठीवरून टेपचा अजून एक छोटा तुकडा दाबून लावावा.

ब्रेड भरणं, इथे घाई नको

आतापर्यंतचं सगळं नीट केलं आणि इथे ब्रेड ढिली भरली तरी काम फसतं. फिरकीवर ढिला मांजा गुंडाळला की जोराची ढील देताना वरचा वेढा खाली रुतून बसतो, तसंच इथे होतं. मोठा मासा ओढतो तेव्हा वरची लाइन खालच्या थरांमध्ये घुसते, तिथेच अडकते, आणि पुढच्या कास्टला जिग (धातूचं नकली आमिष) हवेत असतानाच झटका बसून लाइन तटकन तुटते. दूर उडून जाणारे ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, बहुतेक असेच जातात. आणि आतला ढिला थर हेच घसरण्याचंही दुसरं मोठं कारण आहे, कारण ढिले वेढे खालच्या थराला धरतच नाहीत.

ब्रेडचं रीळ आधी पाच दहा मिनिटं पाण्यात ठेवा. तंतू पाणी पीत नाहीत पण विणीच्या फटीत पाणी राहतं, त्याने थर एकमेकांवर दाबून बसतात आणि फडक्यातून ओढताना लाइन तापत नाही. मग रिळाच्या भोकातून पेन्सिल घाला आणि समोरच्या माणसाला दोन्ही टोकं धरायला द्या. रीळ चाकासारखं फिरलं पाहिजे. मोनो भरताना रीळ जमिनीवर आडवं ठेवायची पद्धत आहे, पीळ बसू नये म्हणून. ब्रेडला मात्र पेन्सिलच बरी, कारण आडव्या रिळावरून तिला ताण देताच येत नाही. थोडा पीळ बसतो तो कास्ट करताना सुटून जातो.

ताण द्यायचा तो रिळाला ब्रेक लावून नाही, तर रील आणि पहिली रिंग यांच्यामध्ये ओल्या फडक्याने. फडक्याची चौपदरी घडी करा, लाइन तिच्यामध्ये घ्या आणि अंगठा व पहिल्या बोटाने दाबून धरा. हँडल एकसारख्या गतीने, सावकाश. किलो दीड किलोचा ताण असावा, म्हणजे हँडल फिरवताना मनगटाला जाणवला पाहिजे पण हिसके बसता कामा नयेत. फडक्याला रंग लागेल, घाबरू नका, या मालाला रंग आत मुरतच नाही, वरवरचा असतो, सगळ्याच ब्रेडचा थोडाफार जातो. फडका कोरडा पडला की पुन्हा बुडवा. एकाच जागी लाइन घासत राहिली तर कपड्यात चीर पडते, म्हणून मधूनमधून घडी सरकवा. चामड्याचा हातमोजा असेल तर उत्तमच.

पहिल्या वीसेक फेऱ्यांनंतर थांबा. स्पूल पकडून लाइन ओढायची ती सुरुवातीची परीक्षा इथे पुन्हा घ्या. आत्ता घसरत असेल तर दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, १५० मीटर भरल्यावर कळलं तर अर्धा दिवस जातो. माझ्या मते या अख्ख्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

एकटे असाल तर पेन्सिल दोन पायांच्या तळव्यांमध्ये धरून खाली बसा, जमतं. किंवा मोकळं मैदान असेल तर लाइनचं टोक झाडाला बांधून चालत चालत सगळी मोकळी करा आणि झाडाच्या दिशेने येत येत ताणात गुंडाळा. ताण सुंदर मिळतो. फक्त हे समुद्राच्या वाळूत करू नका, ओल्या ब्रेडला वाळू चिकटते आणि विणीत अडकलेला तो एकेक कण आतून लाइनही खातो आणि रिंगाही.

रंग बदलत जाणारी जिगिंगची लाइन असेल तर तिचा एक फायदा इथेच घ्या. बहुतेकींचा रंग दर दहा मीटरला बदलतो, म्हणजे किती भरली ते मोजायला वेगळं काही लागत नाही.

किती भरायची आणि थर कसा दिसला पाहिजे

स्पिनिंग रीलवर कडेच्या दोन ते तीन मिमी खाली थांबा. मोनोला दीड मिमी चालतं, ब्रेडला नाही, कारण ब्रेड हलकी आणि मऊ, काठोकाठ भरली की कास्टमध्ये एकदम चारपाच वेढे मिळून सुटतात आणि रिंगमध्ये गुंता होतो. त्या गुंत्यातच अर्धी लाइन कापून टाकावी लागते.

भरून झाल्यावर स्पूल डोळ्यांसमोर आडवा धरून बघा. थर सरळ हवा किंवा पुढच्या कडेला किंचित उतरता. पुढच्या कडेलाच ढीग झाला असेल तर गुंते होणार हे नक्की. तेव्हा स्पूलखालच्या दांड्यावर एक पातळ वॉशर वाढवा, स्पूल किंचित पुढे सरकतो आणि लाइन मागच्या बाजूला जास्त बसते. मागे ढीग असेल तर वॉशर काढा. चांगल्या रीलच्या डब्यात हे वॉशर छोट्या पिशवीत दिलेले असतात, आणि लोक ते डब्यासकट फेकून देतात. नका फेकू.

बेटकास्टर, म्हणजे आडवा स्पूल स्वतः फिरतो ती रील, असेल तर पद्धत तीच, फक्त लाइन आधी लेव्हल वाइंडच्या (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाच्या) छोट्या भोकातून घ्यायला विसरू नका. काही स्पूलला आरपार भोकं असतात, ब्रेड एका भोकातून घालून दुसऱ्यातून काढून बांधली की घसरण्याचा प्रश्नच मिटतो, तिथे बॅकिंग फक्त जागा भरायला.

भरून झाल्यावर

लाइन एखाद्या खांबाला बांधा, रॉड सरळ लाइनीच्या दिशेने धरा आणि ड्रॅग पूर्ण आवळून हळूहळू ओढा. मग ड्रॅग मापात लावा. सामानाची बॅग मोजायचा हुकवाला वजनकाटा असतो ना, तो लाइनीला अडकवून ओढायचं. पाकिटावर लाइनीची ताकद ३० पाउंड असेल तर ते झाले साधारण १३.६ किलो, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे ३.४ किलोला ड्रॅग सुटला पाहिजे. लीडर याहून कमजोर असेल तर हिशोब लीडरचा धरा. तांबोशी किंवा गोबऱ्यासाठी खडकात बसणारे ड्रॅग याहून जास्त आवळतात, कारण मासा एकदा कपारीत शिरला की संपलं, आणि म्हणूनच घसरणाऱ्या ब्रेडचा फटका सगळ्यात जास्त त्यांनाच बसतो.

पहिल्यांदा पाण्यावर जाल तेव्हा सुरुवातीचे दहा बारा कास्ट अर्ध्या जोराने करा आणि प्रत्येक वेळी लाइन ओल्या बोटांतून दाबून आत घ्या. त्याने वरचा थर बसतो.

खडकावरच घसरायला लागली तर

मासा चालू असेल तर स्पूलवरच्या लाइनीवर अंगठा दाबून धरा, बोटाला कपडा गुंडाळून, आणि रॉडने उचलून सावकाश घ्या. हा निभावून नेण्याचा उपाय. मासा नसेल तर टोक कुठे तरी बांधून मागे चालत आर्बर दिसेपर्यंत लाइन काढा, आर्बर पुसा, बॅगेतली चिकटपट्टी एक वेढा लावा आणि ताणात परत भरा. प्रथमोपचाराच्या डबीत पट्टी असतेच, जखमेला लागते तशी इथेही लागते.

घरी आल्यावर रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, फटीतलं मीठ निघतं, आणि ड्रॅग सैल करून ठेवा. वर्षभराने पुढची तीसचाळीस मीटर पिसारलेली दिसेल, बाकीची खालची जवळजवळ नवीच असते. तेव्हा लाइन उलटवून जुनं टोक मोनोकडे आणि नवं टोक बाहेर घ्या. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हाचं हे काम आहे, आणि त्याच बैठकीत बॅकिंगचा तो पहिला थर पुन्हा ताजा करून टाका.

कापलेले तुकडे मात्र खिशात घालून घरी आणा. ब्रेड कुजत नाही. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, आणि हातभर लांबीचा एक तुकडा पिल्लाच्या पायात अडकायला पुरतो. आणलेले तुकडे बारीक कापून कचऱ्यात टाका, तसेच गुंडाळी करून टाकले तर कुत्र्यामांजरांच्या आणि कावळ्यांच्या पायात जातात.